राहत्या परिसराचा मनावर होणारा परिणाम: काय ओळखावे, काय करावे

‘डॉक्टर, आईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. पण नवीन घरात आल्यापासून तिचे कशातच लक्ष लागत नाही. वयामुळे असेल ना?’

हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. कुटुंब जुन्या चाळीतून किंवा वाड्यातून टॉवरमध्ये गेलेले असते. जागा वाढलेली असते, संडास घरात आलेला असतो, पाणी चोवीस तास असते. मग आता दुःख कशाचे, असे मुलांना वाटते. आईलाही नेमके सांगता येत नाही. ती फक्त ‘झोप लागत नाही’, ‘अंग दुखते’, ‘भूक नाही’ एवढेच म्हणते.

अशा वेळी आपण बीपी पाहतो, साखर तपासतो, व्हिटॅमिनची गोळी सुरू करतो. ज्या परिसरात माणूस दिवसाचे चोवीस तास काढतो, त्याविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. या लेखात परिसराचा मनावर परिणाम कसा होतो, तो कधी आजाराच्या पातळीला जातो आणि घरच्यांनी काय करावे, याची माहिती घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- आवाज, उजेड, सुरक्षितता आणि शेजार या चार गोष्टींतून परिसर मनावर परिणाम करतो.
- हा परिणाम हळूहळू साठत जातो. म्हणून तो लक्षात येत नाही किंवा वयावर ढकलला जातो.
- परिसर हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे. नैराश्य आले असेल तर ‘जागा मानवत नाही’ म्हणून उपचार लांबवू नका.
- घर बदलणे शक्य नसले तरी बरेच काही बदलता येते.

परिसर म्हणजे नेमके काय?

परिसर म्हणजे फक्त पत्ता नव्हे. खिडकीतून काय दिसते, रात्री अकरा वाजता किती आवाज असतो, रस्त्यावर दिवे आहेत का, चालायला फूटपाथ आहे का, झाडाखाली बसायला जागा आहे का, आणि दार उघडे टाकून शेजारी जाता येते का, हे सगळे त्यात येते. औषधाच्या एका डोसचा परिणाम काही तासांत दिसतो. परिसराचा डोस लहान असतो, पण तो रोज आणि वर्षानुवर्षे मिळत राहतो.

परिसर मनापर्यंत कसा पोहोचतो?

*१. आवाज आणि झोप*

‘आम्हाला आता सवय झाली आहे,’ असे रस्त्यालगत राहणारे लोक सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. हॉर्नने त्यांना पूर्ण जाग येत नाही. पण झोपेतही कान बंद होत नाहीत. मोठा आवाज झाला की हृदयाचे ठोके क्षणभर वाढतात आणि गाढ झोप उथळ होते. सकाळी आठ तास झोपल्याचा हिशेब लागतो, पण थकवा जात नाही. अशी झोप महिनोन्‌महिने मिळाली की चिडचिड, विसरभोळेपणा आणि उदासपणा वाढतो. रक्तदाबही वाढू शकतो.

भारतातील ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ साली दिलेल्या शिफारशीतही रात्रीच्या वाहतुकीच्या आवाजासाठी ४५ डेसिबल हाच आकडा आहे. आवाज १० डेसिबलने वाढला की तो कानाला साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे ५५ आणि ६५ मधला फरक कागदावर लहान दिसला तरी झोपेसाठी मोठा असतो.

*२. उजेड आणि हवा*

आपल्या मेंदूतील घड्याळ सकाळच्या उजेडावर चालते. सकाळी डोळ्यांवर पुरेसा नैसर्गिक प्रकाश पडला की रात्री झोप वेळेवर येते. दोन इमारती एकमेकींना खेटून असल्या की खालच्या मजल्यांवर दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते. अशा घरात दिवसभर बसणाऱ्या माणसाची झोप विस्कळीत होते. त्यामागोमाग मनःस्थितीही बिघडते. रात्री उलट होते. समोरच्या इमारतीचा हॅलोजन किंवा होर्डिंगचा दिवा थेट बेडरूममध्ये येतो.

मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातील दाटीवाटीच्या पुनर्वसन वसाहतींमध्ये कमी उजेड आणि कोंदट हवा यांचा क्षयरोगाशी संबंध आढळला आहे. इमारतींमधल्या अंतराचा प्रश्न फक्त सोयीचा नाही, तो आरोग्याचा आहे.

*३. सुरक्षिततेची भावना*

गल्लीत अंधार असेल, कोपऱ्यावर दारूचा अड्डा असेल, घर कधी पाडतील याची भीती असेल, तर शरीर कायम सावध राहते. ताण वाढवणारी संप्रेरके वरचेवर स्रवतात. छातीत धडधडणे, दचकून जाग येणे, मुलांवर ओरडणे ही त्याची रूपे असू शकतात. बायका आणि मुली अशा भागात संध्याकाळनंतर बाहेर पडणे टाळतात. चालणे बंद होते, मैत्रिणी सुटतात आणि घर हेच सगळे जग होते.

*४. शेजार*

रोजच्या भेटी फार खोल असाव्या लागत नाहीत. ‘काय काकू, भाजी झाली का?’ एवढ्या एका वाक्यानेही कोणाला तरी आपली दखल आहे, हे मनाला कळते. दूधवाला, वाणी, वॉचमन, देवळातली ओळख ही नाती साधी असतात. ती तुटली की पोकळी मात्र मोठी होते. एकटेपणा दीर्घकाळ टिकला तर नैराश्याबरोबरच हृदयविकार आणि स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेतील शिकागो शहरात १९३९ साली फॅरिस आणि डनहॅम यांनी मानसिक रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडले. शहराच्या मध्यभागातील गरीब, अस्थिर वस्त्यांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण जास्त होते. त्यावर लगेच एक शंका निघाली. वस्तीमुळे माणूस आजारी पडतो, की आजारी माणूस नोकरी गमावून स्वस्त वस्तीत येऊन पडतो? ही शंका रास्त आहे, कारण दोन्ही गोष्टी घडतात. ती फेडण्यासाठी पुढे वेगळ्या पद्धतीने अभ्यास झाले.

- घर बदलल्यावर काय झाले? १९९४ पासून अमेरिकेतील पाच शहरांत सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांचा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून काहींना कमी गरिबीच्या भागात राहण्यासाठी भाड्याची मदत दिली गेली. दहा-पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांच्या कमाईत विशेष फरक नव्हता, पण मोठ्यांचा मानसिक त्रास, अतिस्थूलपणा आणि मधुमेह कमी आढळला. मुलींना फायदा झाला. मुलग्यांमध्ये मात्र काही मानसिक त्रास उलट वाढलेले दिसले. म्हणजे ‘चांगल्या’ भागात गेल्याने सगळ्यांचे सारखेच भले होते असे नाही.
- घर तेच ठेवून परिसर सुधारला तर? फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक, कचऱ्याने भरलेल्या प्लॉटवर असाच चिठ्ठीने निवड करून प्रयोग झाला. काही प्लॉट साफ करून तिथे गवत आणि थोडी झाडे लावली. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे काहीच केले नाही त्या भागाच्या तुलनेत, हिरवळ केलेल्या प्लॉटजवळ राहणाऱ्यांमध्ये ‘उदास वाटते’ असे सांगण्याचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी घटले.
- लहानपणीचा परिसर? डेन्मार्कमध्ये नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून २०१९ साली असे दिसले की, सर्वांत कमी हिरवाईत वाढलेल्या मुलांना पुढे मानसिक आजार होण्याचा धोका सर्वांत जास्त हिरवाईतील मुलांपेक्षा ५५ टक्क्यांपर्यंत जास्त होता. घरची आर्थिक स्थिती आणि आईवडिलांचे आजार लक्षात घेऊनही हा फरक राहिला.

हे देश आपल्यापेक्षा वेगळे आहेत, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे. भारतातही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महानगरांमध्ये मानसिक आजारांचे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा जास्त आढळले.

चाळीतून टॉवरमध्ये: मिळाले काय, सुटले काय?

आपल्याकडे हा विषय सध्या पुनर्विकासामुळे घरोघरी आला आहे. मुंबईतील बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. तिथल्या १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर देण्याची योजना आहे. हा बदल चांगला आहे. सामाईक संडासासाठी रांग, गळके छत, खासगीपणाचा अभाव यांचाही मनावर ताण असतोच. विशेषतः सुनांना आणि वयात येणाऱ्या मुलींना तो जास्त सोसावा लागतो. जुनी चाळ म्हणजे स्वर्ग होता, असे म्हणण्यात अर्थ नाही.

पण चाळीतला सामाईक व्हरांडा एक काम गुपचूप करत होता. आजी दारात बसून तांदूळ निवडायच्या आणि येणारा-जाणारा दोन शब्द बोलायचा. एखादी सकाळी दिसली नाही तर तासाभरात कोणीतरी डोकावायचे. पंधराव्या मजल्यावर सेफ्टी डोअरच्या आत हे आपोआप होत नाही. गुडघे दुखतात, लिफ्टची भीती वाटते, समोरचा फ्लॅट दिवसभर बंद असतो. त्यात मधली काही वर्षे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेलेली असतात. म्हणजे शेजार दोनदा तुटलेला असतो.

माझ्याकडे आलेल्या एका आजींना विचारले, ‘आजी, दिवसभरात कोणाशी बोलता?’ त्या म्हणाल्या, ‘टीव्हीशी.’ त्यांच्या उपचारातली पहिली महत्त्वाची माहिती मला या उत्तरातून मिळाली.

कोणाला जास्त त्रास होऊ शकतो?

- सत्तरीच्या पुढील व्यक्ती, विशेषतः जोडीदार गेलेला असल्यास
- कमी ऐकू येणारे, कमी दिसणारे किंवा चालायला त्रास असणारे
- लग्न होऊन किंवा नवऱ्याच्या बदलीमुळे अनोळखी शहरात आलेल्या महिला, विशेषतः बाळंतपणानंतर
- शाळा आणि मित्र एकदम सुटलेली किशोरवयीन मुले
- शिक्षण किंवा नोकरीसाठी एकट्याने खोली घेऊन राहणारे तरुण
- रात्रपाळी करून दिवसा गोंगाटात झोपणारे
- आधी नैराश्य, चिंताविकार किंवा व्यसन झालेले रुग्ण

डॉक्टरांकडे कधी जावे?

नवीन जागेत पहिले काही आठवडे करमत नाही, जुन्या घराची आठवण येते, हे स्वाभाविक आहे. पण खालील दोन प्रश्न स्वतःला किंवा घरातील व्यक्तीला विचारा.

१. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, निराश वाटले का?
२. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस किंवा आनंद गेला आहे का?

एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना भेटा. याशिवाय भूक किंवा वजन घटणे, पहाटे लवकर जाग येऊन परत झोप न लागणे, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष, सतत अंगदुखीची तक्रार, दारू किंवा तंबाखू वाढणे, घराबाहेर पडायची भीती हीदेखील लक्षणे आहेत.

तातडीने मदत घ्या: ‘जगण्यात अर्थ नाही’, ‘मी गेले तर बरे’ असे कोणी बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नका. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, औषधांचा साठा हाताबाहेर ठेवा. टेली मानस या सरकारी मोफत हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. जिवाला धोका वाटत असेल तर ११२ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.

वृद्ध व्यक्ती एक-दोन दिवसांत अचानक गोंधळून गेली, दिवस-रात्र विसरली, असंबद्ध बोलू लागली, तर ते नवीन घर न मानवल्याचे लक्षण समजू नका. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर कमी होणे, पक्षाघात अशी कारणे त्यामागे असू शकतात. त्याच दिवशी तपासणी करून घ्या.

डॉक्टर काय तपासतात?

परिसराला दोष देण्याआधी शरीराची कारणे पाहावी लागतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, व्हिटॅमिन बी-१२ आणि साखर या तपासण्या साधारणपणे केल्या जातात. झोपेत घोरणे व श्वास अडखळणे, कमी ऐकू येणे आणि चालू असलेली औषधे यांचीही चौकशी होते. जाताना सर्व औषधे सोबत न्या.

डॉक्टरांना हेही आपणहून सांगा: घर कधी बदलले, त्रास त्याआधी सुरू झाला की नंतर, रात्री आवाज किती असतो, दिवसात किती वेळ घराबाहेर जाणे होते आणि कोणाशी बोलणे होते. ही पाच उत्तरे निदानासाठी फार उपयोगी पडतात.

तुम्ही काय करू शकता?

*घरात*

- पलंग रस्त्याकडच्या भिंतीपासून दूर हलवा. शक्य असेल तर झोपायची खोली बदला.
- रात्री जाड पडदे लावा. सकाळी ते पूर्ण उघडा आणि वीस-तीस मिनिटे बाहेरच्या उजेडात घालवा. खाली उतरता येत नसेल तर गॅलरीत खुर्ची टाका.
- झोपेची गोळी मनाने सुरू करू नका. ज्येष्ठांमध्ये तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो आणि अनेक गोळ्यांची सवय लागते.
- जुने देवघर, खुर्ची, भांडी ‘नव्या घराला शोभत नाहीत’ म्हणून एकदम टाकून देऊ नका. ओळखीच्या वस्तूंचा ज्येष्ठांना आधार असतो.

*नाती जोडण्यासाठी*

- रोज एकाच वेळी, एकाच बाकावर बसा. ओळख अशीच होते.
- जुन्या वस्तीतील भजनी मंडळ, हळदीकुंकू, कट्टा चालू ठेवा. आठवड्यातून एकदा आईला तिथे पोहोचवणे हा उपचाराचाच भाग समजा.
- कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्राचा सल्ला घ्या. ऐकू न आल्यामुळे माणसे गप्पांतून मागे सरतात.
- सुरुवातीचे काही दिवस त्यांच्यासोबत लिफ्टने खाली-वर करा. बटणावर लाल टिकली लावली तरी भीती कमी होते.

*सोसायटीत*

- प्रवेशद्वाराजवळ सावलीत दोन बाक, चालायच्या वाटेवर दिवे आणि पडीक कोपऱ्यात चार झाडे एवढे काम सोसायटीच्या खर्चात बसते.
- तळमजल्यावरची एक खोली दुपारी ज्येष्ठांसाठी खुली ठेवा.
- रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यास मनाई आहे. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. एरवी पोलिसांकडे तक्रार करता येते.

*घर निवडताना*

फ्लॅट एकदा सकाळी आणि एकदा रात्री अकरा वाजता पाहा. खिडकीतून समोरची इमारत किती दूर आहे, वाणी, दवाखाना, देऊळ किंवा वाचनालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, हे विचारा. पुनर्विकासात शक्य असेल तर जुन्या शेजाऱ्यांना एकाच मजल्यावर घरे मिळावीत, अशी मागणी सभेत सुरुवातीलाच मांडा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

परत जुन्या भागात राहायला गेलो तर बरे वाटेल का?
काहींना वाटते. पण नैराश्य आलेले असताना मोठे निर्णय घाईने घेऊ नयेत. आधी उपचार घ्या, काही दिवस तिकडच्या नातेवाइकांकडे राहून पाहा, मग ठरवा.

कारण परिसर असेल तर औषधाचा काय उपयोग?
ओल्या भिंतीमुळे दमा वाढला तरी आपण इनहेलर देतो आणि भिंतही दुरुस्त करतो. इथेही तसेच आहे. नैराश्याच्या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे किंवा थोडे जास्त लागतात. त्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही, पण ती अचानक बंदही करू नयेत. सौम्य त्रासात समुपदेशन आणि दिनचर्येतील बदल पुरेसे ठरू शकतात.

मुलगा नवीन जागेत सतत मोबाइलवर असतो. हे त्यामुळेच का?
असू शकते. खाली खेळायला जागा नसेल आणि मित्र सुटले असतील तर मोबाइल हाच शेजार होतो. नुसता मोबाइल काढून घेऊ नका. मैदान, क्लास किंवा जुन्या मित्रांची भेट असा पर्याय द्या. अभ्यासात एकदम घसरण, झोप उडणे किंवा शाळा टाळणे दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

घरच्यांसाठी शेवटचे

सुरुवातीला उल्लेख केलेला प्रश्न तुमच्याही मनात असेल, तर आज एकच गोष्ट करा. आईच्या किंवा बाबांच्या शेजारी बसून विचारा, ‘काल दिवसभरात कोणाशी बोललात?’ उत्तर ‘कोणाशीच नाही’ असे आले आणि वरच्या दोन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर ‘हो’ असेल, तर वयाला दोष देऊन थांबू नका. तुमच्या फॅमिली डॉक्टरांची याच आठवड्यातली वेळ घ्या, आणि जाताना रिपोर्टच्या फाइलबरोबर हे उत्तरही त्यांना सांगा.